दोन वायरींची अदलाबदल

हट्टीबाई,

आज सकाळी सव्वादहाला तुझे बाबा ईसीजीसाठी माझ्यासमोर शर्ट काढून झोपले आणि सगळं बदललं. मला ओळखून म्हणाले, "वा! कॉलेज अर्धवट सोडलेल्याच्या हाती आमचं काळीज!" माझं डोकं फिरलं. रागारागात वायरी लावल्या आणि कागद डॉक्टरांकडे पाठवला.

त्यांना त्यात झटका येऊन गेल्याची खूण दिसली. आता थोड्या वेळात बाबांच्या हृदयापर्यंत नळी घालून तपासणार आहेत. तू बाहेर बाकावर रडते आहेस, मला काचेतून दिसतेस.

आत्ता त्या कागदाची माझ्याकडची प्रत पुन्हा बघितली. पहिल्या ओळीतली लाट उलटी पडली आहे. म्हणजे उजव्या हाताची वायर मी डाव्या हाताला लावली होती आणि डाव्याची उजव्याला. हृदय कदाचित धडधाकट असेल. नळीचा धोका मात्र खरा आहे.

सांगितलं तर नोकरी जाईल, आणि तू म्हणशील, बाबांनी लग्नाला नकार दिला म्हणून मेल्याने सूड उगवला. आत्ता माझाच ईसीजी काढला तर मलाच दाखल करून घेतील.

हे पत्र तुला देण्याची हिंमत नाही. पण डॉक्टर तुझ्या बाकाशीच उभे आहेत, म्हणजे तुझ्यादेखतच बोलावं लागणार. निघतो, ही प्रत घेऊन त्यांना सांगायला.

तुझा अजूनही,
भडकू