घरच्यांची हरकत

४ जून
नोकरी लागली. खिडकीजवळची जागा, नवी खुर्ची, शेजारच्या टेबलावर बोलक्या काकू. ही वारल्यापासून घरात मी आणि लेक, दोघंही मुक्यासारखे. इथली बडबड बरी वाटते. काम उमेदवारांच्या चौकशीचं. नव्या कायद्यानं आधी नोकरी द्यायची, मग उमेदवाराची संमती घेऊन घरच्यांना फोनवर विचारायचं. काकू म्हणतात, आधी बैल घ्यायचा, मग दात मोजायचे. घरच्यांनी फोन उचललाच नाही, तर त्यांची हरकत नाही असं धरायचं.

९ जून
शेजारीण म्हणाली, एक बाई आमच्या घराची चौकशी करून गेली. माझीच चौकशी चालू असणार. दुसऱ्यांच्या घरांत डोकावणाऱ्याच्या घरात कुणी डोकावलं, ठीकच झालं. काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आपण कधी माणूस पाठवत नाही, म्हणाल्या.

११ जून
शेजारणीला पुन्हा विचारलं. चौकशी माझी नव्हतीच, लेकीची होती. अजून दिवा लावून झोपते का, रुसली की जेवण टाकते का. बोलताना बाई मनगटावरचं घड्याळ गोल फिरवत होती.
ही तसंच करायची. योगायोग असेल.

१२ जून
लेक कित्येक दिवसांनी हसली. तिला नोकरी लागलीय. अर्ज न करता. फोन आला होता म्हणे. कुठे ते सांगेना. फार खोदल्यावर म्हणाली, "आईच्या शेजारीच बसायचंय, बाबा. मी हो म्हटलंय. आता फक्त तुम्हाला विचारतील."

१३ जून
कामावर गेलो नाही. घराला आतून कडी. लेकीच्या खोलीबाहेर बसून आहे.
दुपारी फोन आला. आवाज हिचाच. दमलेला, शांत.
"पोरीबद्दल विचारायचं होतं."
ठेवून दिला. परत वाजला. उचलला नाही. तार उपटली. तरी वाजत राहिला. मग थांबला.
सुटलो.

थांबला कसा—
उचलला नाही म्हणजे—

फोन कानाला लावून ओरडलो, हरकत आहे, माझी हरकत आहे. पलीकडे काहीच नाही.
लेक केस विंचरतेय. हात धरला. गार. म्हणते, सोडा ना बाबा, पहिल्याच दिवशी उशीर—
कडी मीच लावली होती. लेक तर इथे आहे, माझ्यासमोर. मग आतून कडी कोण काढतंय—