कुंपणावरची शाळा

तारीख ४, सोमवार

आजपासून मी रोजनिशी लिहिणार. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही निम्मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण ठकीनं वही आणली आणि म्हणाली, आजी, मी शाळेतून येईपर्यंत तुझी टकळी या वहीला ऐकव. ठकी म्हणजे माझी नात. आईबाप लवकर गेले तिचे, मीच वाढवली. आता परमुलखात मास्तरीण झाली, मलाही गाठोड्यासारखी उचलून घेऊन आली. गाव चिमूटभर. शाळेच्या कुंपणाला लागून आमच्या दोन खोल्या. नळाला गरम पाणी! दोनदा हात धुतले, उगाचच.

शेजारी एक म्हातारी आहे. आधीच्या मास्तरणीची आई. त्यासुद्धा परदेशातूनच आलेल्या म्हणे. ही तोंडातून चकार शब्द काढत नाही. देवानं तोंड दिलं ते काय नुसतं जांभया द्यायला?

तारीख ७, गुरुवार

मधल्या सुट्टीत पोरं कुंपणाशी आली. बावीस मोजली. त्यांची बोली मला येत नाही, माझी त्यांना. मी नाक धरून म्हटलं, नाक. बावीस पोरं एका दमात म्हणाली, नाक. पहिल्या फटक्यात! मग कान, चमचा, मिठाची वाटी दाखवून मीठ. झाले की नाही मीही मास्तरीण?

संध्याकाळी जेवताना ठकीनं वाटीकडे बोट केलं, ते दे म्हणाली. म्हटलं, नाव घेताना जिभेला काटा टोचतो का? ती नुसती हसली. दमली असेल.

तारीख १३, बुधवार

शेजारणीनं आज कुंपणाशी येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. साबणाचा ओला हात, तोही पोरांसमोर. मी दहा गोष्टी सुनावल्या, तिला काय कळणार म्हणा. वेडीच असेल. पोरं रोज तिच्या फाटकाशी जाऊन एकच हाक मारतात. ठकी म्हणते, तो शब्द या गावच्या भाषेतला नाही. बायकी आवाज काढतात. ती ओ देत नाही.

तारीख १९, मंगळवार

दुपारी पोरांना उशी शिकवली. संध्याकाळी ठकी उशी हातात धरून किती वेळ उभी. म्हणाली, “आजी, याला काय म्हणतात? सकाळी माहीत होतं मला.”



तारीख २०, बुधवार

खात्री करायची म्हणून पोरांना एकच शब्द दिला. कंगवा. ज्यावाचून अडणार नाही असा निवडून. संध्याकाळी ठकीच्या हातात कंगवा आणि डोळ्यांत पाणी.

मीच केलं हे. या तोंडानं.

ठकी हेडमास्तरांकडे गेली. ते म्हणाले, आधीच्या बाईंचंही असंच झालं, सवय होते. त्या बाई कुठं गेल्या, विचारलं तर त्यांनी वर्गाकडे बोट केलं. शेवटच्या बाकावर बसतात त्या. ठकी त्यांना कुणाची तरी मोठी बहीण समजत होती.

तारीख २२, शुक्रवार

उद्याच्या बसनं निघायचं. आठवड्याला एकच बस येते. आज दिवसभर तोंडाला फडकं बांधलंय. पोरं कुंपणाशी उभी आहेत, हसत नाहीत, वाट बघतात. ठकी अजून आजी म्हणते. तेवढं राहू दे.

तारीख २३, शनिवार

बस आली होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे बघितलं तर ठकी शाळेकडे चाललेली. पोरांनी हात केला म्हणून. मी ओरडले, ठके! ओरडायचं नव्हतं. बावीस तोंडं वळली. बावीस तोंडं म्हणाली, ठके. माझ्याच आवाजात.

ती वळली नाही.

तारीख २५, सोमवार

खिडकीतून वर्ग दिसतो. फळ्याशी कोणी नाही. शेवटच्या बाकावर दोघी.

शेजारणीनं तिची वही दाखवली. पानंच्या पानं, एकच शब्द, तिच्या लिपीत. लेकीचं नाव असणार. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं, तेच बोट कपाळावर नेलं, तळव्यानं कपाळ पुसलं. कळलं मला. ओ दिली की आठवणही जाते. लिहिलेलं मात्र त्यांना नेता येत नाही.

ठकी ठकी ठकी ठकी

तारीख २६

दुपार. सगळी पोरं आमच्या फाटकाशी. मधे ठकी, ओठ मिटलेले — हाक आली. आजी. आवाज तिचाच. पाच वर्षांची असतानाचा, गुडघा फुटला तेव्हाचा —

शेजारीण भिंतीवरून मान हलवते, नको, नको —

लिहीत राहायचं. ठकी ठकी

पुन्हा. आजी.

रडतेय. माझी ठकी रडतेय आणि एवढ्या वर्षांत या हाकेला मी ओ दिली नाही असं एकदाही —