आबांचा उजवा पाय

आबा, आज साताऱ्याहून सांगलीला आलो होतो. दुपारी हळदीच्या बाजारावरून जाताना वारा सुटला, सगळी हवा पिवळी झाली आणि एकदम तुमचा उजवा पाय आठवला. हसाल तुम्ही. बापाचा चेहरा सोडून याला पाय आठवतो म्हणाल. पण आपल्या इथल्या गॅरेजात त्या पायालाच खरा मान होता. कुठलीही गाडी दुरुस्त झाली की तुम्ही चपला दाराशी काढायचात, देवळात शिरावं तसे गाडीत शिरायचात आणि नदीकडच्या उतारावर अनवाणी पायानं ब्रेक दाबून बघायचात. तो पाय 'व्हय' म्हणेपर्यंत मालकाला गाडी मिळत नसे. "चपलेला काय कळतंय रं? बिरेक कातड्याला कळतो," म्हणायचात. मी लांबून बघायचो. गाडी उतारावर हळूहळू लहान होत जायची, ऊन पाण्यावर हलत असायचं, आणि मग ती थांबायची, कुणी झोपलेल्याला उठवू नये इतक्या हलकेच.

त्या वर्षी मी सैन्याच्या वर्कशॉपमधून नुकताच परतलो होतो. तिशीला आलो होतो आणि आपल्याला सगळं येतं असा माज अंगात होता. हळदीचे व्यापारी अण्णा त्यांची जुनी काळी विलायती गाडी घेऊन आले. पुलावर पाणी असताना गाडी घातली की ते चाकांमधल्या ब्रेकच्या ड्रममध्ये शिरायचं आणि ब्रेक धरायचाच नाही. एकदा बैलगाडीला धडकता धडकता वाचले होते. मी म्हणालो, ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवू. पुण्याच्या भंगारातून एका मोडक्या गाडीच्या पुढच्या चकत्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर आणले. तुम्ही ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलेत आणि परत माझ्या हातात दिलेत. आठ दिवस मी कुणाला गाडीजवळ येऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी तुम्ही चपला काढता. गाडी उतारावरून जाते, परत येते, आणि तुम्ही दार उघडून बसूनच राहता.

"पोकळ हाय रं. बिरेकच्या तेलात हवा हाय."

"आवं आबा, चारदा हवा काढलीया."

"पयल्या दाबाला पाय खाली जातोय गड्या. दुसऱ्याला धरतोय."

अण्णा छत्री टेकून ऐकत होते. त्यांच्यासमोर माझी अब्रू जातेय असं वाटलं आणि मी बोलून गेलो, "बिरेक बराबर हाय. तुमचा पायच म्हातारा झालाय."

तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पायाकडे पाहिलंत. बोटं हलवून बघितलीत, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. "आसंल," म्हणालात, चपला घातल्यात आणि जेवायला घरी गेलात.

मी गाडीखाली शिरलो. उताणा पडून वर पाहतो तर हवा काढायचा निप्पल कॅलिपरच्या खालच्या अंगाला. हवा वर चढते हे शेंबड्या पोरालाही कळतं. खालून किती का काढेना, ती वरच्या कोपऱ्यात आरामात बसणार. भंगारात मी कॅलिपरवर खडूनं डावा-उजवा लिहिला होता, तो गाडीसमोर तिच्याकडं तोंड करून. डावं-उजवं ठरवायचं ते ड्रायव्हर बसतो तिथून. सैन्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट. दोन्ही कॅलिपर काढले, अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

तुम्ही परत आलात तेव्हा म्हणालो, "आबा, एकदा बघा की."

"तू बघितलंस न्हवं? मग झालं. ह्या पायाचं काय खरं न्हाई आता."

चपला पायातच राहिल्या. त्यानंतर तुम्ही कुठल्याच गाडीचा ब्रेक पाहिला नाहीत. अण्णा पुढं कित्येक वर्षं ती गाडी पाण्यातून नेत राहिले आणि बाजारभर माझं कौतुक करत राहिले. तुम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचात, "पोरगं लय हुशार हाय." मी मान खाली घालून पाना शोधायचो. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तुम्ही गेलात. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं.

आबा, तुमचा पाय बरोबर होता. कॅलिपर मी उलटे बसवले होते.

हा कागद कुठल्या पत्त्यावर धाडू? घडी करून पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यापासून साताऱ्याच्या माझ्या गॅरेजात मीही चपला दाराशी काढतो आणि अनवाणी ब्रेक बघतो. लोक म्हणतात, बापाचा गुण उतरलाय. माझ्या पायाला काही कळत नाही, आबा. मी नुसता दाबून धरून बसतो.