हेडफोनमधनं आलेली हाक

इंद्रजित,

तुझ्या वडलांना घेऊन इस्लामपूरला हाडाच्या डॉक्टरकडं चाललेय. मनगट लय सुजलंय. काल पोत्याखाली हात अडकला, तवा खालच्या गिरणीतनं त्यांनी तुला चारदा हाक मारली. तू म्हणालास, "गाणं लावलं नव्हतं, पण ह्या हेडफोनमधनं बाहेरचं कायबी ऐकू येत न्हाई."

आज तू आंघोळीला गेल्यावर मी तो कानावर चढवला. मऊ हाय, गिरणीची घरघर तर पार गेली. पण तेवढ्यात एका हातानं दळत हे खालनं म्हणाले, "अंजना, निघायचं न्हवं?" बारीक आलं, पण शब्द न् शब्द कळला. एवढ्या महागाच्या वस्तूला कशाला बदनाम करतोस?

आल्यावर दारातनं एकदाच हाक मारीन. हेडफोन असू दे कानावर, पण ओ दे.

— आई