भिंगरीने पुसलेलं आकाश

३ मार्च

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

सोबत दोन फोटो आहेत. आमच्या अवकाशातल्या दुर्बिणीने डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात काढलेला हा आकाशाचा एकच तुकडा. पहिला आला तसा, यंत्रामुळे उमटणाऱ्या खोट्या ठिपक्यांनी बरबटलेला. दुसरा माझ्या प्रोग्रॅमने साफ केलेला. वीस तारखेच्या बैठकीत प्रोग्रॅम पास झाला की माझी नोकरी कायम होईल. आईला एवढ्यात सांगू नका. आणि फोटोंवरचे डाग पुसायचा तुमचा रिटचिंगचा ब्रश कपाटातच राहू द्या.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिने गल्लीभर केलं.

फोटो भिंगाखाली धरले. तुझा साफ फोटो पाहून शंका आली, कारण असे गुळगुळीत फोटो मीच करायचो. एकदा नवरीच्या हनुवटीवरचा तीळ उडवला, तर तिच्या आईने ही आमची नव्हेच म्हणून फोटो परत केला. पहिल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात फिकट डाग आहे, दुसऱ्यात नाही. तो कचराच होता कशावरून? दुकानात नवा रिटचर आला की मी त्याला आधी माझाच फोटो द्यायचो. माझ्या तोंडावर काय काय आहे ते मला पाठ. तूही प्रोग्रॅमची तशी परीक्षा घे.

राग आला तरी जेवत जा.

बाबा

२२ मार्च

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

दोन दिवस तुमच्या नावाने बोटं मोडली. मग कच्च्या फोटोत शंभर खोट्या, अंधुक दीर्घिका स्वतःच पेरल्या आणि प्रोग्रॅम चालवला. अडतीस गायब! शेजारच्या टेबलावरची म्हणाली, बैठकीत हे कुणी विचारणार नाही, गप्प बस. मला जमेना. उभी राहून सांगून टाकलं. साहेबांनी आकडा दोनदा विचारला. प्रोग्रॅम दुरुस्तीला परत आला, नोकरी सहा महिने लटकली. खूप रडले.

आता एकाच जागेचे वीस फोटो ताडून बघते. जो ठिपका प्रत्येकात तिथेच सापडतो, त्याला हात लावत नाही. कोपऱ्यातला तुमचा डाग दीर्घिकाच निघाला. आईला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. ती तुझ्या साहेबांवर चिडली आहे, ते आठवडाभर चालेल.

मी मात्र तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे पुसले, पण काय काय पुसलं ते एकाही गिऱ्हाइकाला सांगायची माझी छाती झाली नाही. तू भर बैठकीत सांगितलंस.

तुझा,
बाबा