डॉक्टर काय म्हणाले होते

आई,

मी आजवर माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तू होतीस तेव्हा तुला ते बघायला सवड नव्हती. घराचा मागचा दरवाजा, सागाचा, एकही खिळा न मारता नुसत्या खाचा पाडून जोडलेला. आपल्या धाकट्यासाठी झोपाळा, त्याच्या कड्या मी चार वेळा बदलल्या, कारण कुरकुर त्याला सहन होत नाही. विहिरीकडच्या फाटकाला त्याला उघडता येणार नाही अशी कडी, आणि त्याच्या पेटीला त्याला उघडता येईल अशी. रसायनीच्या कारखान्यात गळक्या पंपासाठी कातलेली एक चकती, जी इंजिनियरनं साहेबाला स्वतःची म्हणून दाखवली. आणि इंग्रजी. तेही मी हातानंच केलं असं म्हणतो. माथेरानच्या बंगल्यात दोन सीझन भांडी घासली, तिथल्या पारशी बाईंनी टाकून दिलेला शब्दकोश मागून घेतला आणि मुरंब्याच्या बरणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे जे छापलेलं दिसेल ते ते वाचत सुटलो. शिकवायला कोणी नव्हतं. गावात तेव्हा माझ्याएवढं इंग्रजी कुणाला येत नव्हतं, हे आजही मी ठासून सांगतो.

तुझं सगळं लक्ष धाकट्याकडे. संध्याकाळी चुलीवर भात रटरटायला लागला की तो या दारापासून त्या दारापर्यंत धावायचा, हात झटकायचा, घशातून एकच सूर काढायचा. मग तू त्याला जुन्या गोधडीत, भाताचा भारा आवळतात तसं घट्ट गुंडाळायचीस आणि पाठीनं त्याच्यावर रेलून चुलीपुढे बसायचीस. दहा मिनिटांत तो गप्प. शेजारची काकी दारातून ओरडायची, "अगं ए, पोर हाय का लाकडाची मोळी?" तू म्हणायचीस, "तुला थंडी वाजली का तू पदर वडून घेतेस का नाय? ह्याला असं लागतं." हे तुला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आपल्या घरात स्वतःचं स्वतः शिकलेली तूही होतीस, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मला दिसायची ती फक्त तुझी पाठ, आणि ती त्याच्यावर रेललेली. सातवीला मी पहिला आलो, निकाल घेऊन पळत घरी आलो, तर तू गोधडीवर रेललेली. म्हणालीस, "ब्येस झालं रं. तेवढं दूध बघ, उतू जाईल." मी दूध बघितलं. उतू जाऊ दिलं.

मग ती मुंबईची खेप. पारशी बाईंनी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. मी सोळा वर्षांचा, धाकटा सहाचा. बाबा नव्हतेच, त्यामुळे घरातला कर्ता मी. डॉक्टर मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकीतोडकी, आणि तुला हिंदीही येत नव्हती. तिथं तुमच्या दोघांच्या मधे मी उभा. पांढरा शर्ट, माझ्या हातानं इस्त्री केलेला. खोलीतल्या पंख्याच्या आवाजानं धाकटा बिथरला, तशी तू त्याला लुगड्याच्या पदरात गुंडाळून भिंतीशी घेऊन बसलीस. डॉक्टर खुर्चीतून उठले, जवळ येऊन बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, सावकाश, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलले. "मुलगा बहिरा नाही आणि वेडाही नाही. अशी मुलं असतात असं मी वाचलं आहे. कशामुळे, ते अजून कुणालाच माहीत नाही. यात आईची काही चूक नाही. ती आत्ता जे करते आहे ते तिला करू दे, तिला सांग, ती फार चांगली आई आहे."

मला शब्द न् शब्द समजला होता. शब्दकोश लागला नाही. एवढ्या मोठ्या माणसानं तुला शाबासकी दिली, तीसुद्धा धाकट्यावरून, आणि ती तुला पोचवायची कुणी, तर मी. तू माझ्याकडे वर तोंड करून बघत होतीस. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, तू त्याला फार कवटाळून बसतेस, म्हणून तो बोलत नाही. त्याला लांब ठेव." मी सांगत होतो तोवर डॉक्टर मान हलवत होते, मी नीट सांगतोय असं समजून. तू त्यांना हात जोडलेस. "येवढंच व्हय?" म्हणालीस. "मंग करते की."

आणि केलंस. गौरीगणपतीपासून शिमग्यापर्यंत. धाकटा गोधडी ओढत तुझ्याकडे यायचा आणि तू भिंतीकडे तोंड करायचीस. तो मेढीच्या खांबावर डोकं आपटायचा. तू हळद उगाळून ठेवायचीस आणि ती मला लावायला सांगायचीस, कारण डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलं होतं. मी लावायचो. आणि मग संध्याकाळ माझी असायची. तू माझ्याजवळ येऊन बसायचीस. मी रंध्याला धार लावत असलो की विचारायचीस, "ह्याला काय म्हंत्यात रं?" मी सांगायचो, तू तो शब्द तोंडात घोळवायचीस. मी पहिला पाट केला तो उलटा करून, खालून बोट फिरवून बघितलास. "कुसळ नाय रं कुठं." खालची बाजूसुद्धा मी घासली होती, आणि ते ओळखणारी तू पहिली. त्या सहा महिन्यांइतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तपशील चुकीचा लिहायची मला सवय नाही.

शिमग्याला ढोलाच्या आवाजानं धाकटा पळाला. करवंदीच्या जाळीत सापडला, अंग ओरबाडलेलं, तोच एक सूर लावून. तू सगळ्यांसमोर अंगावरची चादर काढलीस, त्याला आवळून गुंडाळलंस आणि तिथंच मातीत त्याच्यावर रेलून बसलीस. "डागदर गेला चुलीत!" म्हणालीस. "नाय बोलला तर नाय बोलला." मग माझ्याकडे बघितलंस. "तुला समदं येतं रं. मंग ह्याचं रडणं कसं आयकू येत नाय?" तुला काही कळलं होतं का? इतकी वर्षं मी त्या बघण्याचा कीस काढतोय.

बहुतेक नसावं. कारण त्यानंतर येईल त्याला तू तेच सांगायचीस, "मी डागदरचं ऐकलं नाय म्हणून ह्यो मुका ऱ्हायला." मी त्याच घरात पाट, स्टूल, मांडणी करत बसलेला असायचो. कर्जतच्या दवाखान्यात शेवटी, दुपारची वेळ, मी उशाशी. तू विचारलंस, "अजून थोडं लांब ठेवलं असतं तर बोलला असता का रं?" एवढंच मला सांगायचं होतं, की नाही आई, डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. मी म्हणालो, "पाणी पी."

धाकटा आता चाळिशीकडे आलाय. मी त्याला वाढतो, आंघोळ घालतो, नखं कापतो. गोधडी घेऊन तो माझ्याकडे एकदाही आलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर मुंबईच्या एक बाई आल्या. त्यांचाही मुलगा असाच. अशा पोरांच्या आईबापांनी मिळून संस्था काढलीय. धाकट्याला जे आहे त्याला ऑटिझम म्हणतात, त्याला मराठी शब्द काय द्यावा हे त्यांच्यातच अजून ठरत नाही. भेटकार्डं विकून, नाटकाचे प्रयोग लावून पैसे जमवतात, त्यातून पत्रकं छापतात आणि घरोघर फिरून तक्ते भरतात: मूल कधी चाललं, कधी बोललं, कुणी काय उपाय सांगितले. त्यावर डॉक्टर अभ्यास करणार. पत्रकातली ओळ न् ओळ दोन डॉक्टर आणि दोन आईबाप तपासतात, आणि जे कळलेलं नाही तिथं सरळ 'माहीत नाही' असं छापतात. असा कागद आपल्या घरी आला असता तर मला मधे उभं राहावंच लागलं नसतं. मी पत्रकात छपाईच्या सात चुका काढल्या, सातही त्यांनी मान्य केल्या. त्यांच्या निधीसाठी शिसवीची पेटी करून दिली. बाई म्हणाल्या, "भाऊ, ही एवढी देखणी झाली की लोक पैसे टाकायचे सोडून नमस्कार करतील." मी हसत होतो, तेवढ्यात धाकटा आतून गोधडी ओढत आला आणि तिचं टोक बाईंच्या हातात दिलं. दोन भेटींची ओळख. त्यांनी काही न विचारता त्याला गुंडाळलं आणि रेलून बसल्या. मी पेटीवरून उगाच फडकं फिरवत राहिलो.

तक्त्यात एक प्रश्न होता: डॉक्टरांनी घरच्यांना काय सांगितलं? मी म्हणालो, "आठवत नाही." बाईंनी तसं लिहिलं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तो कागद अभ्यासाला जाणार होता, त्यावरून दुसऱ्या कुणाला काहीतरी सांगितलं जाणार होतं, आणि त्यात पुन्हा माझंच खोटं. रविवारी त्या कर्जतच्या शाळेत बैठकीला आल्या, तेव्हा सगळे गेल्यावर मी त्यांना बाकावर बसवलं आणि डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं, आणि मी काय सांगितलं होतं तेही. दोन्ही शब्दशः.

"हे आहे तसं लिहू, भाऊ?"

"लिहा. आणि ते 'आठवत नाही' खोडा."

त्यांनी खोडलं, लिहिलं, आणि टोपण लावून पेन पर्समधे ठेवलं. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवतील. तर म्हणाल्या, "इकडची पत्रकं मराठीत तुम्ही करा. नि घेऊन तुम्हीच फिरा, कर्जत-खालापूरच्या गावागावांतून. मी पडले शहरातली बाई, आया मला चहा पाजतात आणि देवऋष्याकडे जातात. तुमचं ऐकतील."

"माझं? आत्ता काय सांगितलं तुम्हाला?"

"ते ऐकलं म्हणूनच म्हणतेय. तुम्ही आता एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही."

मी कारखान्याच्या शिफ्टचं निमित्त सांगितलं. खरं कारण तुला सांगतो, कारण हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही. त्या पत्रकातलं पहिलंच वाक्य आहे: यात आईची काही चूक नाही. ते घेऊन मला पार कुंभिवली गावापर्यंत दारोदार जावं लागलं असतं, आणि ते ऐकल्यावर एकेकीचा चेहरा कसा सैल पडतो ते समोर उभं राहून बघावं लागलं असतं. ते मला सोसवलं नसतं. जे तुला द्यायचं होतं, तुझ्या हक्काचं होतं, ते मी दुसऱ्यांच्या आयांना वाटत फिरू? मी अजून तसाच आहे, आई. महिन्याला तीनशे रुपये देत होत्या, एस.टी.चं भाडं वेगळं. मी नको म्हणालो.