पेशंटचं नाव

अजेय,

तू झोपला आहेस, उठवत नाही. आईला आणायला बेहाला भागात मावशीकडे जातोय. वाटेत तिला सगळं सांगतो.

उद्या सकाळी दुर्बिणीची तपासणी आहे, म्हणून आज जेवायचं नाही. फ्रीजमध्ये शहाळ्याचं पाणी आहे. पोट साफ व्हायला दिलेली जुलाबाची पावडर चार वाजता घे.

रक्त पडतं म्हणालास, तेव्हा संडासात मोबाइल घेऊन बसतोस म्हणून मूळव्याध झाली, असं मी वर्षभर ऐकवत राहिलो. चुकलं माझं.

काल हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी म्हटल्यावर पेशंट म्हणून माझंच नाव लिहिलं. पेशंट एकोणतीस वर्षांचा मुलगा असेल असं त्यांना वाटलंच नाही. तुझं नाव सांगायला मला फार वेळ लागला.

बाबा